जोडी फुटली तर पट कसला?

परवा नागपूरला मैलाच्या शर्यतीत जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही. गोंदियाला गाडीतून उतरलो, गोरेगावला घरी पोचलो, आईनं ताट वाढलं... मी ते तसंच बाजूला सारलं.

आमचा सुकराम. शेजारचा, माझ्याच वयाचा. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, छकडी हाकतो. स्वतः धावायला लागला की बैल लाजतील! मीही बरा धावतो, पण त्याच्यापुढे मी म्हणजे म्हातारी म्हैस.

शाळेतल्या मास्तरांनी आम्हा दोघांची नावं दिली होती. नागपूरला जो पहिला येईल तो देशाच्या निवडीला, आणि तिथं निभावलं तर आगबोटीनं थेट पॅरिस... ऑलिंपिक! मास्तर फार रंगवून सांगायचे. आधी मोजकेच देश यायचे, मग वाढत गेले, मधे महायुद्धानं एक खेप बुडवली, तरी पुन्हा भरलंच. "बापूहो, सारं जग तिथं सोबत धावते!" हे त्यांचं वाक्य सुकरामनं गाठीला बांधलं. कसं बांधलंय, हे मला काय ठाऊक!

शर्यत सुरू झाली. शेवटच्या फेरीत सुकराम सगळ्यांच्या पुढे, मागे बऱ्याच अंतरावर मी, आणि माझ्या पाठोपाठ बूट घातलेला एक नागपूरकर. फीत समोर दिसत होती. मी धापा टाकत ओरडलो, "पळ गा सुक्या, पळ!"

आणि हा बाबा थांबला!

म्हणजे मागे वळून बघितलं, पाय हळू केले आणि माझ्याकडे हात पुढे केला. "ये ना गा, कायले मागं राहून राहिला?" माझं डोकंच चालेना. तेवढ्यात तो बूटवाला बाजूनं सुर्रकन गेला आणि फीत त्याच्या छातीवर! मागून आम्ही दोघं, हातात हात, नवरा-नवरीसारखे. मैदान हसून हसून लोळलं.

मी असा भडकलो! "अरे येड्या, काऊन थांबला?" तर तोच माझ्याकडे डोळे फाडून बघतोय. "एक बैल पुढं गेला तं छकडी उलटते ना गा. जोडीच फुटली तं पट कायचा? मास्तर म्हणले होते ना, सोबत धावतेत?"

त्याला सांगावं लागलं, की बाबा, तिथं जोडी नसते. पहिला तेवढा पुढे जातो, बाकीचे घरी. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "एकट्यालेच नेतेत? मंग एवढे देश बोलावतेत कायले?"

मी त्याचा हात धरून स्टेशनाकडे निघालो.

परतीच्या गाडीत मला रडू येत होतं... हाताशी आलेलं पॅरिस गेलं, तेही माझ्यापायी. तुमसर आलं तेव्हा सुकराम हळूच म्हणाला, "मले मालूम असतं ना गा, का एकट्यालेच जा लागते..."

वाटलं, आता म्हणणार, थांबलो नसतो.

"...तं नावच दिलं नसतं."

आज सकाळी तो बैल धुवायला तलावावर निघाला होता. आमच्या दारात थांबला आणि नेहमीसारखी हाक मारली. देवा, पॅरिस तुझं तुला लखलाभ... मला ही हाक पुरे.