हिरड्याखालचा पिंजरा

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी संघटनेची पत्रकं यायची. वडील जुन्नरहून गठ्ठे आणून डिंभ्याच्या आसपासच्या वाड्यांवर वाटत. मी वाचायला त्यांवरच शिकले. म्हणून नववीत असताना वानरांनी गावातला हरभरा ओरबाडला, तेव्हा मीही पत्रक लिहिलं: ‘वानरांचा बंदोबस्त झालाच पाहिजे!’ वडिलांनी ते छापून आणलं आणि गावाने पिंजरेवाले बोलावले.

त्यांनी पिंजरा मांडला आत्याच्या शेताच्या वरच्या बांधावर, हिरड्यांच्या झाडीखाली. वानरं तिथे दिसली म्हणून.

सगळ्यात जास्त हरभरा आत्याचाच गेला होता. तरी तीच खुरपं घेऊन आडवी आली.

“हितं न्हाई लावायचा.”

“आक्का, तुमच्यासाठीच आलोय,” पिंजरेवाल्यांतला एक म्हणाला.

“माझं रान खानारी ही न्हाईत. वर बगा. एक हुप्प्या, बाकी समद्या लेकुरवाळ्या. झाडावर लई पाला हाय, त्या कशाला खाली येतील? हरभरा खाती ती रस्त्याकडची टोळी. समदे नर, एक पिल्लू न्हाई. गाडीवाले पावणं खायला टाकत्यात, म्हनून तिथं पडीक.”

“वानर ते वानर, आक्का.”

“मग चोरी झाली की तुमालाच धरू का राव? मानूस ते मानूस!”

तो हसला, पण हलला नाही. त्याने खिशातून माझं पत्रक काढलं. “ह्यात असलं काय लिव्हलेलं नाय.”

मी वर पाहिलं. त्या झाडीखालून मी रोज शाळेत जायचे, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येकीच्या पोटाला पिल्लू होतं.

“ते मी लिहिलंय,” मी म्हणाले, “आणि ते चुकलंय.”

पिंजरा रस्त्याकडे गेला आणि रिकामाच राहिला. टोळी भलतीच हुशार निघाली. गावाने आम्हा दोघींना टोमणे मारले.

आता ती झाडी विरळ झाली आहे. परवा एसटीतून जाताना लेकुरवाळ्याही रस्त्यावर वेफर्सच्या पुड्या फाडताना दिसल्या, आणि मला तो हंगाम आठवत राहिला.

आत्याचा हरभरा पुढेही जातच राहिला, म्हणून शाळा सुटली की मी तिच्याबरोबर राखणीला बसायचे. ती रस्त्याकडे तोंड करून गोफण फिरवायची, मी ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजायचे. बोटं काळी व्हायची. मागे झाडीत पिल्लांची चिरचिर चालायची, आणि आत्या मान न वळवता म्हणायची, “असू दे. आपलीच हायती.”