आमच्या मजल्यावरचा जल्लाद

पैलवानकाका पडायचे फार सुंदर. पडण्यात कसलं आलंय सौंदर्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांना पडताना पाहिलेलं नाही. बँकेत बदली होऊन मी नाशिकला आले, सिडकोत फ्लॅट भाड्याने घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात एका सकाळी जिन्याच्या तोंडाशी धाडकन आवाज झाला. दार उघडून पाहते तर समोरच्या दारातले आजोबा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उताणे. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, हनुवटी छातीला टेकलेली, चेहऱ्यावर चक्क समाधान. मी किंचाळलेच. ते पडल्यापडल्या म्हणाले, "घाबरू नका ताई. मला पडायची सवय हाय." मग उठले, पायजमा झटकला आणि दुधाची पिशवी आणायला खाली गेले.

ही सवय कुठली ते हळूहळू कळलं. मखमलाबादकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा तरुणपणी घर सोडून फ्रीस्टाइल कुस्तीच्या कंपनीत गेला होता. मातीतल्या कुस्तीशी तिचा फारसा संबंध नव्हता. जत्रेत तंबू ठोकायचा, मध्ये दोरांचं रिंगण, तिकीट लावायचं, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं. कंपनीत माणसं दोनच प्रकारची असायची, टाळीवाला आणि शिवीवाला. आमचे काका शिवीवाले. दाढी वाढवायची, डोळ्यांखाली काजळ फासायचं, काळा झगा घालून यायचं, लोकांकडून आयाबहिणींपर्यंतच्या शिव्या खायच्या आणि शेवटी हरायचं. तिथलं त्यांचं नाव जल्लाद. "पाडणं कुणालाबी जमतं," ते म्हणायचे. "पडणं शिकावं लागतं. पडताना श्वास सोडायचा. धरून ठेवला की माणूस मोडला."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुरतेला. माझा नवरा आणि लेक पुण्यात, मी इथे एकटी. त्यामुळे संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर आम्ही दोघं बसायचो. ते आधी विचारायचे, "ताई, एक गंमत सांगू का?" आणि जगभरच्या या कुस्तीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. मोबाइलवर ते दिवसभर तेच शोधत. इंग्रजी यायचं नाही, पण मोबाइल वाचून दाखवतो, भाषांतर करतो, तेवढं त्यांना पुरे होतं. पूर्वी ते या गंमती वॉचमनला सांगायचे, भाजीवालीला सांगायचे. पण माणसं घाईत असतात. ऐकताऐकता मान हलवायची आणि निघून जायचं. मी जात नव्हते, कारण घरी जाऊन मला तरी काय करायचं होतं?

मेक्सिकोतल्या मुखवटेवाल्या पैलवानांवर त्यांचा विशेष जीव. एक पाद्री होता म्हणे. अनाथ पोरं सांभाळायचा, त्यांच्या खर्चासाठी तोंड झाकून रिंगणात उतरायचा. आतला माणूस पाद्री आहे हे कितीतरी काळ कुणाला माहीत नव्हतं. दुसरा एक तर देशभर देवासारखा मानला गेलेला. विमानतळावर तपासणीला मुखवटा काढावा लागतो, म्हणून तो आपल्याच सोबत्यांबरोबर न जाता वेगळ्या विमानाने जायचा. बरोबरच्यांनीही तोंड पाहू नये! मरायच्या थोडे दिवस आधी टीव्हीवर त्याने मुखवटा जरासा वर केला. पुरला तो मुखवट्यासकटच. हे सांगून काकांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "घरच्यांनी तरी शेवटचं तोंड पाह्यलं असेल ना हो?"

रिंगणात सगळंच खोटं असतं का, असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्न आवडला नाही. "ठरलेलं असतं. खोटं नसतं," ते म्हणाले. "खाली फळ्या असतात ताई. वर पातळ गादी आणि कापड. तिकडं परदेशात तर आवाज मोठा यावा म्हणून खाली माईक बसवतात. पण फळी ती फळीच. पाठीला काय माहीत, ठरलंय म्हणून?" मग त्यांनी पंचाची खूण सांगितली. कुणाला खरोखरीच लागलं, तर पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. आतल्या माणसांना कळतं की आता नाटक थांबवा. प्रेक्षकाला ते नाटकच वाटत राहतं. "आमच्या कंपनीत ही खूण नव्हती," ते म्हणाले. "असती तर लय बरं झालं असतं."

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. त्या दिवशीची गंमत अमेरिकेतली होती. रिंगणात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन पैलवान एकाच मोटारीतून चालले होते. पोलिसांनी गाडी अडवली, बातमी झाली आणि दोघांची नोकरी गेली. वैरी एका गाडीत बसतात म्हणजे काय! आणि त्यानंतर फार काळ जायच्या आतच मालकांनी सरकारपुढे स्वतःच सांगून टाकलं, की हा खेळ नाही, ही करमणूक आहे, खेळाचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. काकांचा आवाज चढला. "ज्याच्यासाठी आम्ही जन्मभर तोंडं शिवून बसलो, ते यांनी कर वाचवायला सांगून टाकलं! मग आम्ही कशासाठी गप बसलो?" टाकीवरचे पारवे उडाले. मी विचारलं, "काका, तुमच्या गाडीत कोण होतं?"

तेव्हा निंबाची गोष्ट बाहेर आली.

निंबा देवळ्याचा. कंपनीतला टाळीवाला, 'देवळ्याचा वाघ' म्हणून तो उतरला की तंबू डोक्यावर घ्यायचे लोक. जल्लादला हरवायचं काम बहुतेक वेळा त्याच्याकडे. खरं पाहता दोघं जिवाचे मित्र. पण मालकाचा नियम कडक होता: टाळीवाला आणि शिवीवाला एका एसटीत बसणार नाहीत, एका लॉजवर उतरणार नाहीत, एकत्र चहासुद्धा पिणार नाहीत. म्हणून दोघं वर्षातून एकदा त्र्यंबकेश्वरला भेटायचे. कुशावर्त कुंडावरच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतो? एकत्र आंघोळ करायची, एका ताटात जेवायचं, आणि दोन वेगळ्या गाड्यांनी परत यायचं.

मग एका वर्षी देवळ्याच्याच जत्रेत कुस्ती लागली. निंबाचं सगळं गाव समोर, नुकतंच लग्न झालेली बायको बायकांच्या रांगेत. ठरल्याप्रमाणे जल्लादने त्याला उचलून टाकलं, आणि खालची फळी तुटली. निंबाचा खांदा गेला. "त्यानं माझ्याकडं पाह्यलं," काका म्हणाले, "आणि मला कळलं, हे खरं हाय. मी खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घ्यायला पायजे होतं. पण लोक बघत होते. मी हात वर करून हसलो ताई. जल्लाद हसतो ना, तसा." लोकांनी तंबू फाडला. काकांना कांद्याच्या ट्रकमध्ये गोणपाटाखाली लपवून गावाबाहेर काढलं.

निंबाचा खांदा पुन्हा धड झाला नाही. कुस्ती सुटली, तो शेतीला लागला. गाव म्हणत राहिलं, जल्लादने डाव साधून वाघाला मोडलं. काका त्याला त्र्यंबकला भेटले तेव्हा म्हणाले, मी येतो देवळ्याला, वहिनीला सगळं सांगतो. निंबाने हात धरला. त्याचं ते अहिराणी बोलणं काकांनी मला जसंच्या तसं ऐकवलं: "गावले समजनं, ते माले वाघ कोन म्हनी?" जल्लादचं हरणं ठरलेलं असतं हे गावाला कळलं, तर वाघाचं जिंकणंही ठरलेलंच होतं हे कळणार. काका गप्प बसले. पुढे घरोघरी टीव्ही आला, कंपनी बंद पडली, मालक वारला. तरी दोघं त्र्यंबकलाच भेटत राहिले.

"आता कुणाला काय पडलंय काका?" मी म्हटलं. "कंपनी नाही, तंबू नाही."

"वहिनीला पडलंय ना. ती रोज त्याचा खांदा चोळते आणि मला शिव्या देते. तिच्यासाठी तो अजून वाघ हाय."

दोन वर्षांपूर्वी काका ठरल्या दिवशी त्र्यंबकला गेले आणि निंबा आला नाही. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते उकरलेले. गाडी अडकली असेल म्हणून ते संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. पलीकडून तरुण आवाज आला, "हां, बोला खतवाले." निंबाने त्यांचा नंबर त्या नावाने ठेवला होता. काका म्हणाले, "निंबाशेठ हायेत का?" तो मुलगा म्हणाला, "बाबा वारले हो. तेरावंसुद्धा झालं. खताचं काही बाकी होतं का?"

"नाय," काका म्हणाले. "काही बाकी नाय."

त्या आठवड्यात त्यांनी एकही गंमत सांगितली नाही. रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. "ताई, देवळ्याला येता का माझ्याबरोबर? एकट्याचा पाय उचलत नाय." आम्ही देवळ्यावरून जाणाऱ्या सटाण्याच्या गाडीत बसलो. सोग्रस फाटा गेल्यावर ते म्हणाले, "आज सांगून टाकतो. निंबा गेला, आता कुणाचा मान राखायचा?" मीही म्हटलं, सांगा.

वहिनी अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हात भराभर चाललेले. शेजारी मुलगा. काका म्हणाले, "मी निंबाबरोबर कंपनीत होतो." वहिनींचा हात थांबला. म्हातारपणी दाढी नसलेल्या, काजळ नसलेल्या त्या चेहऱ्यात त्यांना जल्लाद दिसला नाही. त्या लगबगीने उठल्या, खाट टाकली, पाणी दिलं. कंपनीतला एकजणही आजवर त्या घरी आला नव्हता. मग त्या अहिराणीतच बोलू लागल्या. मला कळलं तसं लिहिते.

"मग तुम्ही त्या जल्लादलाही ओळखत असाल."

"ओळखत होतो," काका म्हणाले.

"थंडी पडली की यांना हात वर नेता यायचा नाही. सदरा मी घालून द्यायचे. पण बोलले नाहीत कधी त्याच्याविरुद्ध. मी शिव्या घातल्या की उठून जायचे. वाघाचं मनच मोठं." त्यांनी पदराने डोळे टिपले. मुलगा आईकडे अभिमानाने पाहत होता. भिंतीवर निंबाचा फोटो होता, फेटा बांधलेला, छाती पुढे काढलेला.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. वहिनीच पुढे म्हणाल्या, "जिवंत आहे का तो मेला?"

काका फोटोकडे बघत म्हणाले, "नाय वहिनी. गेला तो."

बरं झालं, असं त्या म्हणतील असं मला वाटलं. त्या पुन्हा कांद्यांपाशी बसल्या. एक कांदा हातात तसाच धरून राहिल्या. मग विचारलं, "त्याला कुणी होतं का? पाणी पाजायला?"

"मी होतो," काका म्हणाले.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, ठेचा, मटकीची भाजी. काका खाली मान घालून जेवले. निंबाच्या घरचं अन्न त्यांच्या पोटात पहिल्यांदाच जात होतं. निघताना वहिनींनी त्यांचा नंबर मुलाच्या स्वतःच्या फोनमध्ये टाकून घेतला. गाडीत मी विचारलं, का नाही सांगितलंत? ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "भिंतीवर वाघ होता ताई. खाली उतरवायचा कसा?"

त्यानंतर वहिनींचा अधूनमधून फोन यायला लागला. "भाऊ, जेवनात का?" एवढं विचारून त्या निंबाच्या आठवणी काढत, आणि बोलता बोलता जल्लादवर घसरत. काका स्पीकर लावून भाजी चिरत ऐकायचे आणि मध्येमध्ये "हो ना, लय वाईट माणूस" म्हणायचे. जगात त्यांची रोज आठवण काढणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती त्यांना मेलेलं समजत होती.

काका गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले, दुपारच्या झोपेत. मुलगी सुरतेहून आली, घर आवरलं, घरमालकाला किल्ली परत दिली. देवळ्याला फोन मीच केला. वहिनी गुडघ्यांनी अधू झाल्या होत्या. येता आलं नाही, म्हणून फोनवरच रडल्या. हिवाळ्यात त्याही गेल्या. त्या गेल्या म्हणूनच हे लिहिते आहे. निंबाचं नाव तेवढं बदललं आहे.

त्या गेल्याचं कळवायला मुलाचा फोन आला होता. मी बँकेत होते, समोर रांग होती. तो म्हणाला, "मॅडम, आई शेवटी शेवटी त्या काकांचं नाव फार घ्यायची. म्हणायची, तुझ्या बाबांच्या कंपनीत एवढा एकच भला माणूस होता."

"हो," मी म्हटलं, "भले होते." आणि पुढच्या माणसाचं पासबुक हातात घेतलं.