वर्षभर न विकायचं घड्याळ

माझ्या नावावर एक घड्याळ आहे. घर नाही, स्कूटर नाही, गॅसचं कनेक्शनसुद्धा बाबांच्या नावावर आहे. पण जगात निघालेल्या पाचशे घड्याळांपैकी एकशे सत्त्याऐंशीवं माझं आहे, आणि तसं एका जाड पिवळसर कार्डावर छापलेलं आहे. मी ते मागितलं नव्हतं.

मागितलं होतं भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने. न्यू टाउनमध्ये त्यांची संगणकाची नोकरी आहे, अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, आणि कपाटात एक चामड्याची पेटी आहे, तिच्यात नऊ घड्याळं उशांवर निजलेली असतात. त्यातली सहा त्यांनी कधी मनगटाला लावलेली नाहीत. जुन्या धाटणीचं हे नवं घड्याळ कंपनी सोडत काढून विकणार होती, माणशी एकच. म्हणून भाऊजींनी घरातल्या सगळ्यांची नावं भरून टाकली: स्वतःचं, ताईचं, नागपूरच्या आपल्या आईचं, आमच्या बाबांचं आणि माझं. लागलं माझं.

"मेहुणीबाई, नशीब फळफळलं तुमचं!" असा फोन आला. नशीब माझं, पैसे त्यांचे, घड्याळही त्यांचंच. मी फक्त एस्प्लनेडच्या दुकानात जाऊन उभं राहायचं होतं. ताई मागून म्हणाली, "कर ना गं, एवढंसं तर काम आहे." मी हो म्हणाले. ही माझी चूक.

आमच्या बागबाजारच्या घरात सोफ्याखाली, पलंगाखाली, फ्रिजवर पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा बँकेच्या बदलीवर या बंगाली शहरात आले आणि युनियनमुळे इथेच रुतले. मराठी मी त्यांच्या पत्रकांतून वाचायला शिकले, बंगाली शाळेत. पत्रकाच्या तळाशी पूर्ण नाव हवं, नाहीतर ते छापायचं नाही, हा घरातला कायदा. त्यामुळे माझ्या हातात छापील कागद आला की मी आधी तळ बघते.

दुकानात मला तसा कागद दिला. मी हे घड्याळ स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या वापरासाठी घेत आहे आणि एक वर्ष ते विकणार नाही, असं त्यावर होतं. खाली ठिपक्यांची रेघ, माझं नाव.

"हे काय आहे?" मी भाऊजींना विचारलं.

"काही नाही गं. सगळे करतात सही."

"पण तुम्ही विकणार आहात ना?"

भाऊजींनी काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसून घेतलं आणि हिंदीत, जरा मोठ्यानेच म्हणाले, "छे, छे, हीच वापरणार आहे. रोज."

"मॅडम, ये तो बस फॉर्मॅलिटी है," तो माणूस म्हणाला.

ताईला हो म्हटलं होतं. मागे आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी सही केली. मग त्या माणसाने पांढरे हातमोजे घातले, घड्याळावरची पारदर्शक पातळ झिल्ली सोलली आणि ते माझ्या मनगटावर बांधलं. नियमच होता तसा, कोणी कोरं विकू नये म्हणून. झिल्ली निघाली तेव्हा भाऊजींच्या तोंडून जो आवाज आला, तसा मी दाताच्या डॉक्टरकडेच ऐकला आहे.

बाहेर फुटपाथवर, मोज्यांच्या आणि मोबाइल कव्हरांच्या गाड्यांमध्ये, त्यांनी घड्याळाचा डबा उघडून पुढे केला. "दे इकडे. हळू. काचेला बोट लावू नकोस."

"तुम्ही घालणार?"

"वेडी आहेस का? पाच-सहा महिन्यांत दुप्पट भाव येईल."

"मग नाही देत. तुम्ही घालणार असाल तर आत्ता घ्या. नाहीतर मी घालते. रोज, तुम्हीच म्हणालात."

"अगं, ते त्या माणसाला सांगायला!"

"सही तर माझीच ना?"

ते मेट्रोच्या जिन्यापर्यंत माझ्या मागे आले. समजावणं, हसणं, ओरडणं, सगळं झालं. मी मनगट खिशात घालून उतरून गेले.

तर पाच महिने मी ते घातलं, तेव्हा मालकीणबाईंचं मत काय ते सांगते. भाऊजींचा फोनवर घड्याळशौकिनांचा एक गट आहे, तिथे घड्याळ घेतल्यावर प्रत्येकाने आपलं मत लिहायचं असतं. मी ती मतं वाचली आहेत. तबकडीला 'आत्मा' असतो, पट्ट्याला 'व्यक्तिमत्त्व' असतं, आणि घड्याळ उजेडात धरलं की मालकाला आजोबा आठवतात. आजोबांकडे असलं घड्याळ कधीच नव्हतं, ते उन्हाकडे बघून जेवायला बसत, पण आठवतात. दर महिन्याला हे लोक एका कॉफीच्या दुकानात जमतात, बाह्या वर करतात आणि सगळी मनगटं टेबलावर गोल मांडून फोटो काढतात. त्या फोटोत कुणाचाच चेहरा नसतो. बरंच आहे.

घड्याळ नवं कोरं आहे, पण आकड्यांवर चहाच्या डागासारखा रंग मुद्दाम दिलेला आहे, पन्नास वर्षं वापरल्यासारखा. वय न होता म्हाताऱ्याचा मान हवा, असे लोक मी सभांमध्ये पुष्कळ पाहिले होते. वस्तू पहिल्यांदा पाहिली. बाजूला दोन बटणं आहेत. वरचं दाबलं की लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. धावण्याची शर्यत लावायला, गाडीचा वेग मोजायला ही सोय. कडेने वेगाचे आकडे आहेत, ते मोठ्यापासून उतरत उतरत साठपाशी संपतात. त्याहून हळू जाणाऱ्या वस्तूचा विचार कंपनीने केलेला नाही. मी श्यामबाजारच्या बसमध्ये बसून प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आमची बस, ट्राम, रिक्षा, मोर्चा, यातलं काहीही त्या घड्याळाच्या हिशेबी हलतच नाही.

आतल्या छोट्या तबकडीवर तीन, सहा आणि नऊ मिनिटांच्या रेघा इतरांपेक्षा लांब आहेत. त्या का, हे मी भाऊजींना विचारलं. "डिझाइन आहे," म्हणाले. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ट्रंक कॉल. तीन-तीन मिनिटांचे पैसे लागायचे. तिसरं मिनिट भरत आलं की माणूस भराभर बोलायचा." ज्या गरजेतून ती रेघ निघाली ती गरज गेली, रेघ विकायला ठेवली, आणि घेणाऱ्याला ती कशाची हेही ठाऊक नाही. माझं मत लिहून द्यायचं तर एवढंच दिलं असतं.

रोज सकाळी त्याला चावी द्यावी लागते. कुणाचा तरी पोपट सांभाळायला घेतल्यासारखी मी ती देत होते. घामाने पट्टा काळा पडला. बसच्या दांडीला घासून कडेला एक चरा पडला. भाऊजी दर रविवारी माझा हात धरून तो चरा बघत आणि सोडून देत.

पाचव्या महिन्यात त्यांनी गिऱ्हाईक आणलं. रविवारी मी न्यू टाउनला जेवायला गेले, तर सोफ्यावर एक पांढऱ्या केसांचे बंगाली गृहस्थ, मऊ बोलणारे, डोळ्याला लावायचं भिंग सोबत घेऊन आलेले. समोर टीपॉयवर एक टाइप केलेलं पत्र. मी हे घड्याळ दोनदाच घातलं असून घरगुती अडचणीमुळे नाइलाजाने देत आहे, असं त्यात होतं. खाली माझं नाव, वर सहीसाठी मोकळी जागा.

"कसली अडचण?" मी मराठीत विचारलं.

"लिहिलंय आपलं," भाऊजी ओठ न हलवता म्हणाले. "पैसे माझे आहेत, हे विसरू नकोस."

ते खरं होतं. आजही आहे. "म्हणून तर म्हणते, तुम्ही घाला," मी म्हटलं. "मी आत्ता काढून देते. घाला हातात."

त्यांनी हात पाठीमागे घेतला. खरंच घेतला. माणसाला विंचू दाखवावा तसा.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ताई कणीक मळत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"एका सहीसाठी, होय गं? मला इथे राहायचंय त्यांच्याबरोबर. तू जाशील बसने."

"खोटं आहे ते ताई."

"माहितीये खोटं आहे." ती परातीकडेच बघत होती. "पण एक सांग. तुला आवडायला लागलंय ते. हो ना? म्हणून सोडवत नाही."

मला इतका राग आला की पट्ट्याचा काटा निघेना. शेवटी निघाला. मी घड्याळ तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं. "कुटुंबीयांच्या वापरासाठी असं लिहिलंय. तू ठेव. त्यांना दे, गिऱ्हाइकाला दे, तुझं तू बघ. मी त्या पत्रावर सही करणार नाही, एवढंच."

ताईशी बोलणं राहील की नाही, याचाच विचार मी तेव्हा करत होते. ताईने परात बाजूला सारली. मग कणकेच्याच हाताने तिने ते मनगटावर चढवलं, दाताने पट्टा ओढला. "जड आहे गं," म्हणाली. चहाचे कप ट्रेमध्ये ठेवून बाहेर गेली.

"अगं, कणीक! कणीक लागतेय!" भाऊजींचा आवाज आला.

ताईने गृहस्थांपुढे कप धरला आणि तिच्या मोडक्यातोडक्या बंगालीत शांतपणे सांगितलं की हे घड्याळ आता ती वापरते, विकायचं नाही, बिस्किटं घ्या. त्यांनी भिंग खिशात ठेवलं, दोन बिस्किटं घेतली आणि हवापाण्याबद्दल बोलून गेले. पत्र टीपॉयवरच राहिलं. जेवताना भाऊजी ताटाऐवजी ताईच्या मनगटाकडेच बघत होते. ताईने मात्र मला दुसऱ्यांदा भात वाढला.

संध्याकाळी घरी पोहोचले तर ताईने भाऊजींच्या गटातला एक फोटो पाठवला होता, सोबत एकही शब्द न लिहिता. तिचं मनगट, काचेच्या कडेला वाळलेली कणीक, आणि खाली भाऊजींनी लिहिलेलं: 'पत्नीला भेट दिलं. काही घड्याळं विकायची नसतात.' त्यावर एकेचाळीस जणांनी पसंतीचे अंगठे दिले होते.