निखत, राठोड काका आणि एआयचे नकाशे

नकाशाचं काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात चाललं की चपलेला माती चिकटत जाते, तसे ते चिकटतात. आता आम्ही हसून सांगतो. घडत होते तेव्हा मात्र ऑफिसात कोणाला हसू आलं नव्हतं.

यवतमाळात आमचं छोटं ऑफिस आहे. माणसं तीनच. मी, प्रोग्राम लिहिणारी निखत आणि जमीन मोजणीच्या नोकरीतून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले राठोड काका. जिल्ह्यातल्या विहिरी, नाले, पिकं यांची माहिती कॉम्प्युटरवरच्या नकाशात बसवायची, हे आमचं काम. अलीकडे निखत एआय वापरते. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, प्रोग्राम एआय लिहून देतं. आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकतं. चूकही तेवढ्याच वेगानं होते, हे आम्हाला हळूहळू कळलं.

* * *

पहिला झटका विहिरींचा. मुकुटबनकडच्या विहिरींचा नकाशा दाखवायचा होता. समोर जिल्हा कचेरीतले साहेब, त्यांच्या मागे चार-पाच माणसं. निखतनं नकाशा उघडला, तर जिल्हा कोरा! एकही विहीर नाही.

ती नकाशा लहान करत गेली. महाराष्ट्र कोरा, भारत कोरा.  शेवटी पार वरती, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात, ठिपक्यांचा पुंजका दिसला. एआयनं अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे वाचले होते.

साहेबांनी पुढे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पाणी तरी चांगलं लागलं असन तिथं."

* * *

मग नाल्याचं प्रकरण. नाल्यापासून पाचशे मीटरच्या आत कोणाची घरं आहेत, त्याची यादी हवी होती. त्या यादीवरून नोटिसा निघणार होत्या. दोन तासांत पाठवायची होती, आणि प्रोग्राम थांबतच नव्हता. थांबला तेव्हा यादीत सगळा जिल्हा.

निखतचा चेहरा उतरला. माहिती मीटरमध्ये नव्हती, अंशांमध्ये होती. पाचशे मीटरऐवजी पाचशे अंश धरले गेले होते. अख्ख्या पृथ्वीचा फेरा तीनशे साठ अंशांचा.

काकांनी शांतपणे चष्मा काढला. "म्हंजे आता साऱ्या जगालेच नोटीस द्या लागते."

यादी वेळेत गेली. पण पाठवण्याआधी निखतनं नाव न् नाव तपासलं.

* * *

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. एका कोलाम पोडात, म्हणजे डोंगराकडेच्या आदिवासी वस्तीत, पिण्याच्या पाण्याची सोय करायची होती. कोणत्या विहिरीवर पंप बसवायचा, ते आमच्या तक्त्यावरून ठरणार होतं. तक्ता देखणा झाला होता. मी सहीसाठी पाठवणारच होतो.

"थांब जरा," काका म्हणाले. "या सतरा विहिरी सतरा जनायनं खंदल्या, अन् सारे एकाच इंचावर थांबले?"

निखतनं एआयला विचारलं. उत्तर लगेच आलं: जिथे खोली नोंदवलेली नव्हती, तिथे सरासरी भरली आहे. आम्ही विचारलं नसतं, तर त्यानं सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काका दोर आणि दगड घेऊन स्वतः गेले. विहिरीत दोर सोडून एकेक खोली मोजली. जिच्यावर पंप बसणार होता, ती तळापर्यंत कोरडी होती.

 संध्याकाळी निखतनं कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलं: "माहीत नसेल तर रिकामं सोड."

* * *

अतिवृष्टीनंतर महागावकडे गेलो होतो. उपग्रहाच्या फोटोवरून कोणती शेतं पाण्याखाली आहेत, ते एआयच्या प्रोग्रामनं रंगवून दिलं होतं. आम्ही नमुन्याला एक शेत गाठलं. नकाशात ते पूर्ण निळं. तिथे एक शेतकरी कोरड्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणी करत उभा.

त्यांनी माझा मोबाईल हातात घेऊन पाहिला. "म्हंजे मी बुडून राह्यलो काय?"

ढगाची सावली प्रोग्रामला पाणी वाटली होती. मी तसं समजावलं. ते हसले नाहीत.

"मले कोरड्याले बुडवलं, ठीक हाय. पन जो बुडाला त्याले कोरडा दाखवला असन तं?"



* * *

आणि हा शेवटचा. पैनगंगेला पूर आला होता. सकाळीच साहेबांचा फोन: ढाणकीच्या पलीकडे बोट एकच आहे, आधी कुठे पाठवू ते सांगा.

निखतनं दहा मिनिटांत यादी काढली. नऊ गावं, धोक्याच्या क्रमानं. या वेळी तिनं अक्षांश, मीटर, रिकाम्या जागा, सगळं दोनदा तपासलं होतं. काकांनी यादी वाचली. पुन्हा वाचली.

"नदीकाठचा बंजाऱ्यांचा तांडा कुठी हाय?"

"काका," निखत म्हणाली, "तो वेगळा नाहीच नोंदीत. मोठ्या गावातच धरलाय. अन् गाव तर उंचावर हाय, सेफ दाखवून राह्यलं."

काकांनी नकाशातल्या नदीच्या वळणावर हाताचं बोट टेकवलं. "इथं लोकं हायत. सर्वात आधी इथं."

स्क्रीनवर त्या जागी काहीच नव्हतं. मी साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तिथं बोट पाठवली अन् कोणी नसलं, तर बाकीच्यांचं काय?"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "साहेब, तिथली मोजनी मीच केलती. माह्या पायानं."

 साहेब म्हणाले, "पाठवतो."

दुपारी एकला फोन आला. तांड्यातली सगळी माणसं शाळेच्या स्लॅबवर सापडली. पाणी खिडकीच्या वर गेलं होतं. काका उठून बाहेर गेले आणि पायरीवर बसले. निखतनं त्यांच्या शेजारी पाण्याचा गिलास ठेवला आणि तीही बसली.

पाणी ओसरल्यावर आम्ही तांड्यावर गेलो, प्रत्येक घर नकाशात नोंदवायला. एक म्हातारी काकांशी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलत आमच्यासोबत चालत होती. शेवटच्या घराच्याही पुढे ती आम्हाला घेऊन गेली. तिथे नुसता गाळ आणि गोटे.

"हे माह्यं घर," ती निखतकडे वळून म्हणाली. "लिव बाई."

निखतनं तिथे उभं राहून त्या जागेचा बिंदू नकाशात घेतला.

ऑफिसात आल्यावर एआयनं सगळे बिंदू उपग्रहाच्या नव्या फोटोशी ताडून पाहिले आणि विचारलं: "एका बिंदूवर इमारत आढळत नाही. चुकीचा बिंदू समजून वगळू का?"

निखतनं काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते.

तिनं टाईप केलं: "नको. तिथे घर आहे."