माझा ढाळ बिघडला तेव्हा

आमच्या सात पिढ्यांत पदवी मिळवणारी मी पहिली, आणि जतसारख्या कोरड्या तालुक्यात घरात पूर आणणारीही मीच पहिली. दोन्ही एकाच वर्षात.

आमचं घराणं मेंढरांमागं चालणारं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निम्मा महाराष्ट्र पायी तुडवलाय, पण कॉलेजची पायरी चढले ती माझ्या पदवीदान समारंभालाच. मी साताऱ्याला उद्यानरचना शिकले. (गावात सांगितलं तर लोक म्हणाले, ‘माळकाम व्हय?’ मी म्हणाले, ‘रचना!’) त्यातला माझा जीव की प्राण विषय म्हणजे बांधकामाच्या पद्धती आणि साहित्य. मुरूम किती दाबायचा, खडी कुठली, दगडाखाली बारीक कचेचा थर किती जाड, पाण्याला वाट कुठून द्यायची! मी तर येड्यासारखी खूश असायचे. एसटीत बसले तरी स्टँडवरच्या फरशीचे सांधे मोजायचे. एकदा सरांनी वाईच्या घाटावर नेलं आणि पायऱ्यांचा नकाशा काढायला लावला. ‘बाण नेहमी चढाकडं काढायचा,’ सर म्हणाले. मी ते काळजावर कोरून घेतलं.

फरशीच्या ढाळाचा बाण मात्र उताराकडं काढतात, पाणी जातं तिकडं. हे सरांनी पुढच्या तासाला शिकवलं. त्या तासाला मी गावच्या जत्रेत होते.

ढाळ म्हणजे उतार. (या शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. घाई करू नका, तो येतोच आहे.)

पदवी मिळाली आणि सांगलीकडचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांची मोठी नर्सरी. त्यांना सून शिकलेली हवी होती, आणि तीही नेमकी हेच शिकलेली! ते म्हणाले, ‘नर्सरीचं पुढचं अंगण करायचं हाय. पोरीला जमंल का?’ मी मान खाली घालून बसायचं सोडून म्हणाले, ‘सुपारी फोडायला याल तेव्हा आमचंच अंगण बघा. मग ठरवा.’ आईनं मला पाठीत असा चिमटा काढला की अजून काळा डाग असेल.

झालं! आमच्या मातीच्या अंगणात दगडी फरशी घालायचं काम निघालं. गावातले जुने गवंडी शिवाप्पाकाका हाताशी, नकाशा माझा. त्यात मी ढाळाचा बाण काढला, रस्त्याकडून घराकडं, म्हणजे चढाकडं! काकांनी नकाशा उभा धरला, आडवा धरला.

‘आक्का, बाण घराकडं हाय.’

‘बरोबर आहे.’

‘म्हंजे... घराकडंच?’

‘काका, नकाशा चुकत नसतो.’

काकांनी पंचवीस-तीस वर्षं लोकांची घरं बांधली होती. पण पदवीपुढं बोलायचं कसं म्हणून त्यांनी बाणाप्रमाणं, दहा फुटाला दोन इंच, चोख ढाळ दिला. फरशी उंबऱ्याच्या बरोबरीला आली. मला वाटलं, बरं झालं, आता म्हाताऱ्या माणसांना ठेच लागायची नाही.

आबा मात्र अंगणात उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत होते. मेंढरं बसवायची जागा बघताना ते आधी जमिनीवर तांब्याभर पाणी ओततात आणि पाणी कुठं पळतंय ते बघतात. पळालं तिकडची बाजू सोडायची. ही त्यांची सगळी विद्या.

‘तांब्याभर पाणी वतून बघू या का?’

‘आवं आबा,’ मी म्हणाले, ‘इथं टँकरनं पाणी येतंय आणि तुम्ही तांब्याभर वाया घालवताय? हे सगळं मोजून केलंय.’

आबांनी तांब्या गुमान घडवंचीवर ठेवला.

सुपारीचा दिवस. घराच्या पुढच्या सोप्यात नवं जाजम, त्यावर पाहुणे. मुलाचे वडील आत येताना अंगणात थांबले, पायानं फरशी दाबून बघितली आणि म्हणाले, ‘लय झाक काम हाय.’ माझी छाती अशी फुगली की पदराची पिन सुटायची वेळ आली. तेवढ्यात जेवणावळीसाठी सांगितलेला टँकर आला. रस्त्याकडच्या टाकीत पाइप सोडून ड्रायव्हर मंडपात पोहे खायला बसला. पोहे बरे झाले असावेत, कारण त्यानं तीन बशा खाल्ल्या.

टाकी भरली. टाकी वाहिली. आणि पाणी, अगदी शिस्तीत, दहा फुटाला दोन इंच या हिशोबानं, घराकडं निघालं.

आधी पाहुण्यांच्या चपला आत आल्या. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची एक, त्याच्या मामाच्या दोन्ही. नाकासमोर तरंगत उंबरा ओलांडून थेट देवघराकडं गेल्या. मग जाजम फुगलं. मग भटजी पाटासकट उठले. ‘टँकर बंद कर!’ असा एकच गलका झाला आणि सगळ्यांनी मिळून ड्रायव्हरला झोडपायला घेतलं. शब्दांनीच, पण कानडीत आणि मराठीत, दोन्ही.

फरशीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. फक्त आबांचं होतं. ते धोतर पिळत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हळूच आईला म्हणाले, ‘मी म्हनत हुतो. पोरीचा ढाळ बिघडलाय.’

आईच्या मागं माझी होणारी सासू उभी होती.

‘अगं बाई! कवापास्नं?’

आबांना वाटलं, पाहुण्यांच्या ध्यानात आलं. ‘परवापास्नं. शिवाप्पा सांगत हुता, पर ही ऐकंना.’

‘लय हाय?’

‘लय न्हाई. पर उलटा हाय.’

‘उलट्या बी!’ सासूनं कपाळाला हात लावला. ‘मग औषध काय दिलं?’

‘औषध कशाचं? आता समदं उकरूनच काडाय लागंल.’

सासू भिंतीला टेकली.

मी पुढं झाले. तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे एका वाक्याचं काम होतं, की ढाळ पोटाचा नाही, अंगणाचा. पण मागं सोप्यात मुलाचे वडील मामांना सांगत होते, ‘टँकरवाल्यानं घात केला, नायतर काम बघा पोरीचं! नर्सरीचं अंगण हिच्याच हातात द्यायचं.’ एका बाजूला माझी पदवी, दुसऱ्या बाजूला माझं पोट. एकच वाचणार होतं.

मी पोट धरलं आणि खाली बसले.

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं. त्यांना सगळा उलगडा झाला. माणूस मेंढरांत राहिलेला, पण मुत्सद्दी. म्हणाले, ‘व्हय. परवापास्नं काय खाल्लंच न्हाई तिनं.’

सुपारी फुटली. ओल्या जाजमावर पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. आणि सासूबाई स्वतः माझ्यासमोर बसून मला ताकभात भरवत होत्या, वर डाळिंबाच्या सालीचा काढा. समोर आबा पाचवी पोळी दुधात कुस्करत होते. माझ्याकडं बघतही नव्हते.

लग्नाआधी सगळी फरशी उकरली. शिवाप्पाकाका मांडायचे, मी आणि आबा दगड वाहायचो. बाण फिरवला. काका एवढंच म्हणाले, ‘आक्का, आता नकाशा बरा झाला.’

लग्न झालं आणि कबूल केल्याप्रमाणं मामंजींनी नर्सरीचं अंगण माझ्या ताब्यात दिलं. आता मी शहाणी झाले होते. फरशीच्या पहिल्या दहा ओळी मांडून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन निघाले. आबांची विद्या! इथं ओत, तिथं ओत, लगबगीनं पाण्यामागं पळ. तांब्या रिकामा झाला की नळावर पळ, पुन्हा भर. तिसऱ्या फेरीला सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) दारात आल्या. भल्या पहाटे, हातात तांब्या, पळणारी नवी सून!

‘अगं, अजून थांबलं न्हाई व्हय?’

या वेळी मी ठरवलं, लपवाछपवी पुरे. ताठ उभी राहिले आणि अभिमानानं खरं तेच सांगितलं.

‘न्हाई आत्या, ढाळ बघतेय. एकदम मस्त लागलाय!’

दुपारी सगळ्यांना मटण होतं. मला ताकभात.