उसवणीची सुरगाठ

माझ्या धाकट्या जावेला सगळी गल्ली 'उसवणी' म्हणायची. शिवायची ती उत्तमच, पण ख्याती उसवण्यात होती. कुणी नवा कपडा दाखवायला आणला की आधी तो उलटा करायची, शिवणी दोन्ही हातांनी ताणायची आणि म्हणायची, "वरून काय, सगळेच गोजिरवाणे." टाका संपला की ती निरगाठ मारायची, तीही दोनदा. ओढली की सुटणारी सुरगाठ तिला फसवी वाटे. माणसंही वाटत. तिच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत ती आणि माझे दीर राहत. मूल झालं नाही. कुणी तो विषय काढला की ती मशीन जोरात चालवायची.

तिच्या मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा इस्पितळात मी त्या दोघांबरोबर होते. डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या. हळू बोलणाऱ्यांवर उसवणीचा मुळीच भरवसा नव्हता.

"गरोदरपणी बाईच्या अंगात एक हार्मोन तयार होतो," बाई म्हणाल्या. "काही गाठीही तोच तयार करतात आणि त्याच्या जोरावर वाढतात. तुमच्या गाठीत तो सापडलाय."

दीर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, पण आम्ही साठी ओलांडलेली माणसं!"

"बसा," उसवणी म्हणाली. "तुमच्यावर कुणी आळ घेतलेला नाही."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी लशीचं सांगितलं. ती घेतली की शरीर त्या हार्मोनलाच परका समजून अडवू लागतं. त्याने गाठीची वाढ मंदावते का, हे अजून तपासून बघत होते. खात्री कुणीच देत नव्हतं. नेहमीचे उपचार चालूच राहणार होते.

"म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून देतील तसली सुई," उसवणी म्हणाली.

"सुरुवात त्यासाठीच झाली होती," बाईंनी सरळ कबूल केलं. "पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही."

"नाहीच येत." तिने पिशवी उचलली. "विचार करून सांगते."

शेवटी हो म्हणाली, पण पहिल्या सुईची तारीख आली तशी गेली. विचारलं तर म्हणे, "त्यांनीच पुढे ढकलली, ताई." मला पटेना. हे सांगताना ती सुईकडे डोळे लावून दोरा ओवत होती, आणि दोरा ओवायला तिला कधी बघावं लागत नसे.

एका दुपारी मी न कळवता दुकानात गेले. कापायच्या टेबलावर एक इवलंसं झबलं होतं. पांढरं कापड पिवळं पडलेलं, पण शिवण तिचीच. माझ्या मनात नको ते आलं. या बाईने भलतंच तर धरलं नाही ना मनात?

"आलं मनात?" ती मागून म्हणाली. "वेड नाही लागलं मला. लग्न नवं होतं तेव्हा शिवलं होतं."

"मग आता कशाला काढलंस?"

"ताई, जन्मभर ज्याची वाट बघितली ते अंगात आलं. आणि हे म्हणतात, त्यालाच अडवायची सुई घे. संशय येणार नाही?"

"डॉक्टरांचा?"

"त्यांचा तर येतोच. पण त्याचाही येतो." तिने पोटाकडे बोट दाखवलं. "इतकी वर्षं कुठे होतं? हवं होतं तेव्हा फिरकलं नाही. आणि आता आलं ते कुणासाठी, तर गाठीला पोसायला!"

तिने झबलं उलटं केलं, शिवण ताणली. तसूभर हलली नाही. मग तिने उसवायला पातं घेतलं. मी म्हटलं, "राहू दे गं, एवढं एकच आहे." तिने ऐकलं नाही.

पुढच्या तारखेला ती स्वतःहून तयार झाली. ब्लाउजची डावी बाही खांद्यापासून उघडी केलेली, कडेला त्या पिवळट कापडाची पट्टी, आणि बांधायला झबल्याचेच बंद. नर्सने कुपी आणली, तर हिने आधी ती हातात घेऊन सील उजेडात धरून पाहिलं. नर्सचा चेहरा उतरला. मग हिने बंद सोडले आणि दंड पुढे केला.

सुई टोचून झाल्यावर नर्स बंद आवळून बांधू लागली.

"अगं, निरगाठ नको," उसवणी म्हणाली. "सुरगाठ मार. परत सोडायची आहे."