सदऱ्यावरचा चीक

एका माणसाच्या केसमागे बारा वर्षं हिंडलं की किस्से आपोआप साचतात, पाटात गाळ साचतो तसे. काढायला कोणी येत नाही, म्हणून मीच काढतो. माझी शाळा दोन बुकांची. लिहिणं आवडलं नाही तर ठेवून द्या!

*

आमची हिंदी मुलखातल्या बहादरपूरची केळी कापायची टोळी. त्यात सुपडू. एका सकाळी गावातला गणेश बागेत मेलेला सापडला, डोक्यात घाव. दुपारी पोलिसांनी सुपडूला उचललं. का? तर सदऱ्यावर तांबडे-काळे डाग!

मी म्हटलं, "साहेब, हा केळीचा चीक आहे. धुतला तरी जात नाही. हा बघा माझा सदरा. मलेबी न्या!"

साहेब म्हणाला, "तू बुड्ढा है. फैसले तक टिकेगा नहीं."

साहेब रिटायर होऊन वारला. मी टिकलो.

*

एक साक्षीदारही उभा केला. म्हणे, रस्त्यावरून खून बघितला. भर बागेत चार हातांवरचा माणूस दिसत नाही, अन् ह्याला रस्त्यावरून खून दिसला!

कोर्टानं मानलं. वकील बाहेर येऊन सुपडूच्या बायकोला, कमलला म्हणाला, "उमरकैद हुई है."

कमलनं विचारलं, "कोणाची? त्याची का माझी?"

*

जेलात भेटीला केळी नेली. शिपायानं एकेक केळं मोडून बघितलं. आतून काय कोयता निघणार होता?

सुपडूनं तुकडा चाखला अन् तोंड वाकडं केलं. "काका, घड कच्चाच कापला. माझ्या जागी कोणत्या गाढवाला घेतलं?"

"तुझ्या कमलला."

त्यानं हातातला तुकडा पुन्हा उलटून बघितला. मग सगळा खाल्ला. म्हणाला, "तसा बरा कापलाय."

*

हायकोर्टात अपील टाकलं. कधीही विचारा, वकिलाचं एकच, "नंबर नहीं आया."

शेवटी मी ओरडलो, "वकीलसाब, दवाखान्यात नंबर नाही आला तर माणूस मरून तरी सुटतो!"

*

एकदाचा नंबर आला. हायकोर्ट म्हणालं, साक्षीदार खोटा, अन् सदऱ्यावरच्या डागात माणसाचं रक्तच नाही. सुपडू सुटला.

अरे, डागाचं तर आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फुकट!

*

आमच्या इकडच्या लालबागेत एक दुकानदार मला म्हणतो, "छूट गया ना? संदेह का लाभ मिला होगा."

मी म्हटलं, "लाभ? बारा वर्षं आत राहा, बाप मेला तर खांदा देऊ नको, मग तुलेबी मिळतो!"

*

सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गणेशची आई, मथुराबाई, सुपडूच्या दारात आली. आम्ही ओट्यावर बसलेलो. एवढी वर्षं म्हातारी त्याचं नाव निघालं की थुंकायची.

"कोर्ट म्हणते, तू नाही मारलं."

"नाही मारलं, मावशी."

"मग कोणी मारलं?"

"मले काय माहीत? कोणी शोधलंच नाही."

म्हातारी खाली बसली. "रोज सकाळी उठून आधी तुले शिव्या द्यायची, मग चूल पेटवायची. आता कोणाले देऊ?"

सुपडू म्हणाला, "मलेच देत जा."

तेव्हापासून म्हातारी रोज सकाळी येते. आधी शिव्या देते. मग कमलच्या हातचा चहा घेते.